गुण पापुद्र्याचा की इलेक्ट्रोडचा?

उन्हाळ्यात शेतात बोअर मारायचे ठरले, की काही शेतकरी आधी भूजलाचे सर्वेक्षण करणाऱ्याला बोलावतात. तो एक पेटी, वायरची भेंडोळी आणि चार लोखंडी सळ्या घेऊन येतो. सळ्या एका ओळीत जमिनीत ठोकतो. बाहेरच्या दोन सळ्यांतून वीज सोडतो आणि आतल्या दोन सळ्यांमध्ये किती व्होल्ट येतात ते पाहतो. पण त्याआधी तो एक काम करतो, ज्याकडे बघ्यांचे फारसे लक्ष जात नाही. सळ्यांच्या बुडाशी तो पाणी ओततो, बऱ्याचदा मीठ घातलेले. जमीन ठणठणीत कोरडी असेल तर सळी आणि माती यांचा नीट संबंध येत नाही. वीज आत शिरतच नाही, यंत्रावरचा आकडा डळमळतो आणि खालच्या खडकात पाणी आहे की नाही हे सांगण्याच्या लायकीचा राहत नाही.

ईसीजी काढायला गेल्यावरही असेच काहीसे घडते. तंत्रज्ञ छातीवर स्पिरिटचा बोळा फिरवतो, केस फार असतील तर काढतो, जेली लावतो आणि मगच इलेक्ट्रोड बसवतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत, कोरड्या पेशींचा असतो. त्यातून वीज सहज जात नाही. हृदयाकडून छातीच्या त्वचेपर्यंत पोहोचणारा विद्युत संदेश असतो जेमतेम एक मिलिव्होल्टच्या आसपास. सांधा कच्चा असेल तर कागदावरची रेघ थरथरते, वर-खाली तरंगते, आणि दोष इलेक्ट्रोडचा असूनही शंका हृदयाविषयी येऊ शकते.

वीज मोजताना आपण वस्तू एकटी कधीच मोजत नाही. वस्तू आणि तिला लावलेली टोके यांचे मिळून जे काही होते, ते मोजतो. जमीन आणि छाती या तरी मोठ्या गोष्टी आहेत. हीच मोजणी केसाच्या सातशेव्या भागाइतक्या पातळ प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर करायची झाली तर? गेल्या पन्नास वर्षांत जगभरातल्या प्रयोगशाळा या प्रश्नाशी झगडत आल्या आहेत. त्यात काही चमत्कारिक वाटणारे शोध खरे ठरले, काही हवेत विरले, आणि एकदा तर दोष शोधता शोधता वेगळाच शोध हाती लागला.

पंख्यातला पापुद्रा

प्लॅस्टिकचे, म्हणजे शास्त्राच्या भाषेत पॉलिमरचे, असे पातळ थर आपल्या घरातच असतात. पंखा हळू फिरू लागला की इलेक्ट्रिशियन ‘कंडेन्सर गेला’ म्हणतो आणि एक छोटी डबी बदलून देतो. त्या डबीत पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकची काही मायक्रॉन जाडीची पट्टी गुंडाळलेली असते. तिच्यावर जस्त किंवा ॲल्युमिनियमची वाफ बसवून धातूचा अत्यंत पातळ थर दिलेला असतो. त्याची जाडी काही दहा नॅनोमीटर. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. धातूचा हा थर म्हणजेच इथला इलेक्ट्रोड.

तो इतका पातळ ठेवण्यामागे कारण आहे. प्लॅस्टिकमध्ये एखादी कमकुवत जागा असली की तिथून ठिणगी पडते. धातू पातळ असल्याने ठिणगीच्या उष्णतेने त्या जागेभोवतीचा धातूच वाफ होऊन उडून जातो. भोकाभोवती धातूच उरत नाही, त्यामुळे शॉर्टसर्किट आपोआप मिटते आणि पंखा चालू राहतो. अशा प्रत्येक दुरुस्तीत इलेक्ट्रोडचा एक ठिपका कमी होतो. वर्षानुवर्षे ठिपके कमी होत गेले की डबीची क्षमता घटते आणि पंखा मंदावतो. याच प्लॅस्टिकच्या दोन्ही बाजूंना जाड धातूची पट्टी लावली असती, तर त्या एका भोकातून कायमचे शॉर्टसर्किट झाले असते. प्लॅस्टिक तेच. इलेक्ट्रोड कसा तयार केला, यावर त्याचे वागणे ठरले.

मोबाइलच्या ओलेड पडद्यात प्रकाश देणारे सेंद्रिय थर असेच असतात, आणि ते आणखी पातळ. अंगावर चिकटवून घाम किंवा हृदयाचे ठोके मोजणाऱ्या नव्या पट्ट्यांत, मेंदूत बसवायच्या बारीक इलेक्ट्रोडवरच्या लेपातही वीज वाहणारे पॉलिमर वापरले जाऊ लागले आहेत. त्यामुळे ‘या पापुद्र्यातून नेमकी किती वीज जाते’ हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा राहिलेला नाही.

रांजणाचे भोक

पापुद्र्यावर इलेक्ट्रोड बसवायची नेहमीची रीत अशी. काचेवर आधी धातूचा एक थर देतात. त्यावर पॉलिमरचे द्रावण टाकून काच गरगर फिरवतात, म्हणजे ते पसरून एकसारखा थर तयार होतो. मग ही काच निर्वात पेटीत ठेवून सोने, चांदी किंवा ॲल्युमिनियम तापवतात. धातूची वाफ वर जाऊन पॉलिमरवर बसते. सँडविच तयार झाले, वर आणि खाली धातू, मध्ये पॉलिमर.

अडचण इथेच सुरू होते. सोने १,०६४ अंश सेल्सिअसला वितळते. त्याची वाफ करायची तर आणखी तापवावे लागते. अशा गरम धातूचे अणू पॉलिमरवर येऊन आदळतात आणि त्यातले काही आत झिरपतात. सोन्या-चांदीसारखे धातू कोणाशी सहज संयोग पावत नाहीत, त्यामुळे त्यांचे सुटे अणू पॉलिमरच्या साखळ्यांमधून वाट काढत खोलवर जाऊ शकतात. ॲल्युमिनियम किंवा क्रोमियम पृष्ठभागाशीच संयोग पावून बहुतेक तिथेच थांबतात. धातूची वाफ किती वेगाने सोडली, यानेही फरक पडतो. अगदी सावकाश सोडली तर एकटे-दुकटे अणू फिरत राहतात आणि जास्त झिरपतात. भराभर सोडली तर ते एकमेकांना धरून वरच साचतात. थरात मुळातच एखादे सूक्ष्म छिद्र असेल, किंवा धुळीचा कण अडकला असेल, तर धातूला सरळ रस्ताच मिळतो. हवेतला एक मायक्रॉनचा साधा धूलिकणही १०० नॅनोमीटरच्या थरापेक्षा दहापट जाड असतो.

एवढ्याशा गळतीने काय होते, याचा हिशेब करून पाहू. थर्माकोल ज्यापासून बनते त्या पॉलिस्टायरिनचा १०० नॅनोमीटर जाडीचा थर घ्या. दोन्ही बाजूंना एक चौरस मिलिमीटरचा इलेक्ट्रोड लावा. थर निर्दोष असेल तर त्याचा विद्युतरोध दहा लाख कोटी ओहमच्या घरात जाईल. आता समजा, एका भोकात सोन्याची फक्त १० नॅनोमीटर रुंदीची तार तयार झाली. तिने व्यापलेली जागा इलेक्ट्रोडच्या सुमारे बाराशे कोटी भागांपैकी एक भाग. पण तिचा रोध असेल जेमतेम काही दहा किंवा काहीशे ओहम. सगळी वीज तिच्यातूनच जाणार. रांजणाला सुईएवढे भोक असेल तर गळणारे पाणी मोजून मातीच्या पाझराचा अंदाज बांधता येत नाही, तसेच हे. मीटरवरचा आकडा पाहून कोणी म्हटले, ‘हे प्लॅस्टिक चांगले वीजवाहक आहे’, तर तो भोकाचा गुण रांजणाला चिकटवत असतो.

ही भीती केवळ कागदावरची नाही. १९८९ मध्ये मॉस्कोच्या संशोधकांनी ऑक्सिजनची प्रक्रिया केलेल्या पॉलिप्रोपिलीनच्या पातळ थरात, नेहमीच्या खोलीच्या तापमानाला, बहुधा अतिवाहकता आढळते असे जाहीर केले. अतिवाहकता म्हणजे कोणत्याही रोधाविना वीज वाहणे. ती एरवी फार थंड तापमानाला दिसते. पंख्याच्या डबीत जे प्लॅस्टिक वीज अडवण्यासाठी घालतात, त्याच कुळातले हे प्लॅस्टिक. वीज वाहत होती ती सगळ्या थरातून नव्हे, तर काही मोजक्या ठिपक्यांमधून. असा निकाल समोर आला की पहिला प्रश्न हाच येतो, की त्या ठिपक्यांत पॉलिमर आहे की इलेक्ट्रोडमधून उतरलेला धातू? त्यानंतर अनेक वर्षे उलटली, पण अतिवाहकतेच्या त्या दाव्याला वैज्ञानिक जगाची मान्यता मिळालेली नाही.

सांधा कच्चा असेल तर

भोक असले की पॉलिमर आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. सांधा कच्चा असला की नेमके उलटे होते. पॉलिमर खरोखर वीजवाहक असतो, पण टोकाशीच वीज अडते आणि तो निकामी ठरतो.

यावरचा उपाय म्हणजे शेतातल्या चार सळ्या. अमेरिकेच्या फ्रँक वेनर यांनी १९१५ मध्ये जमिनीचा रोध मोजण्यासाठी समान अंतरावरच्या चार टोकांची ही पद्धत मांडली. पुढे अर्धवाहकांसाठी तीच वापरात आली. वीज बाहेरच्या दोन टोकांतून जाते. व्होल्ट मोजणाऱ्या आतल्या दोन टोकांतून मात्र जवळपास काहीच वीज जात नाही. वीजच जात नसल्याने तिथला सांधा थोडा कच्चा असला तरी त्याचा रोध आकड्यात मिसळत नाही.

प्लॅस्टिक वीज वाहू शकते, हा शोध लागला तेव्हा हीच पद्धत हाताशी होती. जपानचे हिदेकी शिराकावा १९७६ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांच्यासोबत काम करत होते. २३ नोव्हेंबर १९७६ रोजी पॉलिॲसिटिलीनच्या पातळ थराला चार टोके जोडून त्यावर ब्रोमिनची वाफ सोडण्यात आली. वाहकता इतक्या झपाट्याने चढली की मोजणाऱ्याला मीटरची पट्टी बदलायलाही उसंत मिळाली नाही. वाढ होती सुमारे एक कोटी पटींची. या तिघांना २००० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मोजणी दोन टोकांनी झाली असती, तर बदल टोकापाशी झाला की थरात, या शंकेला जागा राहिली असती. चार टोकांनी ती जागाच ठेवली नाही.

मात्र चार टोके थरावर शेजारी-शेजारी बसवायची असतात. सँडविचमध्ये, जिथे वीज वरून खाली जाते, तिथे ही युक्ती सहज लागू पडत नाही. तिथे इलेक्ट्रोड तयार करतानाच सगळी काळजी घ्यावी लागते.

उंबरठा किती उंच

भोक नाही, सांधाही पक्का आहे, तरीही आकडा फसवू शकतो. धातूतून पॉलिमरमध्ये शिरताना इलेक्ट्रॉनला ऊर्जेचा एक उंबरठा ओलांडावा लागतो. कोणता धातू वापरला आणि त्याचा पृष्ठभाग किती स्वच्छ आहे, यावर उंबरठ्याची उंची ठरते.

ओलेडचा इतिहास याच उंबरठ्याभोवती फिरतो. कोडॅक कंपनीतल्या चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये चांगला प्रकाश देणारा ओलेड दाखवला, तेव्हा त्यांनी एका बाजूला मॅग्नेशियम आणि चांदीचे मिश्रण वापरले होते. केंब्रिजमध्ये १९९० साली पॉलिमरचा ओलेड तयार झाला, पण त्यातून शंभर इलेक्ट्रॉनांमागे जेमतेम ०.०५ प्रकाशकण बाहेर पडत होते. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात हीगर आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याच कुळातल्या पॉलिमरवर कॅल्शियमचा इलेक्ट्रोड लावला आणि हे प्रमाण एकच्या घरात नेले. कॅल्शियमपासून पॉलिमरमध्ये शिरायचा उंबरठा ठेंगणा असतो, त्याचा या यशात मोठा वाटा होता.

दुसऱ्या बाजूला असते इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक थर दिलेली काच. ती साबणाच्या पाण्याने, मग शुद्ध पाण्याने, मग ॲसिटोन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतात. शेवटी तिच्यावर अतिनील किरण आणि ओझोन, किंवा ऑक्सिजनचा प्लाझ्मा सोडतात. या शेवटच्या पायरीने पृष्ठभागावरचा तेलकट अंश जातो आणि उंबरठाही बदलतो. पण हा परिणाम टिकाऊ नसतो. काच हवेत ठेवून दिली की तो ओसरत जातो. म्हणजे दोन विद्यार्थ्यांनी एकच पॉलिमर, एकच काच आणि एकच यंत्र वापरले, पण एकाने काच धुतल्यावर लगेच थर दिला आणि दुसऱ्याने दुसऱ्या दिवशी, तरी दोघांचे आकडे वेगळे येऊ शकतात.

आठवण कोणाची?

या शतकाच्या सुरुवातीला अनेक प्रयोगशाळा एका स्वप्नामागे होत्या. रेणूंचा किंवा पॉलिमरचा पातळ थर घ्यायचा, त्याला व्होल्टचा झटका देऊन ‘चालू’ किंवा ‘बंद’ करायचे, आणि ती अवस्था त्याच्या लक्षात राहते का ते पाहायचे. राहिली, तर संगणकाची स्वस्त स्मृती तयार.

अमेरिकेतल्या ह्यूलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत स्टॅन्ली विल्यम्स यांच्या गटाने असे थर प्लॅटिनम आणि टायटॅनियम यांच्या मध्ये बसवले. त्यात वापरलेला एक रेणू फार कलाकुसरीचा होता. त्याच्या दांड्यावर एक कडी सरकत असे, आणि ती सरकली की अवस्था बदलेल अशी अपेक्षा होती. तशी अवस्था बदललीही. मग त्यांनी कडी नसलेला नुसता दांडा वापरला. तरीही बदलली. शेवटी शेंगदाण्याच्या तेलात अल्प प्रमाणात सापडणाऱ्या एका मेदाम्लाचा कॅडमियम क्षार वापरला. या साध्या रेणूत सरकणारे काहीही नसते. तरीही अवस्था तशीच बदलली! २००४ मध्ये या गटाने निबंध लिहून सरळ सांगितले, की हे वर्तन रेणूवर अवलंबून नाही.

मग स्मृती होती कशात? शोध टायटॅनियमच्या इलेक्ट्रोडपाशी पोहोचला. त्याच्या पृष्ठभागावर तयार होणारे ऑक्साइडच ही करामत करत होते. त्या धाग्याचा पाठपुरावा करत या गटाने २००८ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइडच्या ‘मेमरिस्टर’चा शोध जाहीर केला. अशा घटकाची कल्पना लिऑन चुआ यांनी १९७१ मध्येच मांडली होती. ज्याला गेली काही वर्षे लपलेला दोष म्हणता आले असते, तोच नायक निघाला.

पॉलिमरच्या बाबतीत नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेन इथे जवळपास अशीच गोष्ट घडली. ॲल्युमिनियम हवेत आला की काही वेळातच त्यावर दोन-चार नॅनोमीटरचा ऑक्साइडचा थर चढतो. डोळ्यांना तो दिसत नाही. २००६-०७ च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी दाखवले, की अनेक पॉलिमर स्मृतींमधली ‘आठवण’ पॉलिमरची नसून या ऑक्साइडची आहे. त्यांनी मुद्दाम ऑक्साइडचा थर दिला, तेव्हा एरवी लहरीपणे येणारे हे वर्तन खात्रीने मिळू लागले. तोवर कितीतरी गट नवनवे पॉलिमर बनवण्यात वर्षे घालवत होते.

हाताचा गुण

२०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच आणखी एक इशारा दिला. सेंद्रिय ट्रान्झिस्टरमध्ये विद्युतभार किती चपळाईने धावतात, यासाठी एक आकडा काढतात. तो जितका मोठा, तितके द्रव्य चांगले. पण इलेक्ट्रोडपाशी वीज आधी अडून राहते आणि ठरावीक व्होल्टनंतर एकदम सुटते, असे झाले तर हा आकडा खऱ्यापेक्षा दहापटीपर्यंत फुगू शकतो, असे त्यांना आढळले. टोलनाक्यावर खोळंबलेल्या गाड्या फाटक उघडताच सुसाट सुटाव्यात आणि कौतुक पुढच्या रस्त्याचे व्हावे, तसा हा प्रकार.

इलेक्ट्रोड नेमका कसा बनवला, हे लिहिलेच नाही तर काय होते, याचे टोकाचे उदाहरण म्हणजे यान हेंड्रिक श्योन. अमेरिकेच्या बेल लॅब्समधल्या या तरुण जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने सेंद्रिय द्रव्यांवर एकामागून एक थक्क करणारे निकाल प्रसिद्ध केले. इतर प्रयोगशाळांना ते जमेनात. धातू किंवा ऑक्साइड वर बसवला की त्यांचे नमुने बिघडत. श्योन सांगत, की आपला ऑक्साइडचा थर जर्मनीतल्या कोन्स्टान्झ विद्यापीठातल्या एका जुन्या यंत्रावर बनतो. अनेकांनी समजून घेतले, की आपलाच हात अजून बसलेला नाही. त्यात विद्यार्थ्यांचा वेळ गेला, पैसा गेला. सप्टेंबर २००२ मध्ये स्टॅनफर्डचे माल्कम बीसली यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २४ आरोपांपैकी १६ प्रकरणांत गैरवर्तन सिद्ध झाल्याचे सांगितले. आकडेच बनावट होते.

हे प्रकरण फसवणुकीचे होते, इलेक्ट्रोडच्या चुकीचे नव्हे. पण ती इतके दिवस लपली कशी, याचे एक कारण इथे आहे. इलेक्ट्रोड बनवणे हा ‘हाताचा गुण’ मानला गेला. जे काम हाताच्या गुणावर सोडले जाते, त्यात प्रामाणिक माणूस अपयशाचा दोष स्वतःला देतो आणि लबाडाला लपायला जागा मिळते.

खात्री कशी करतात?

यावर उपाय आहेत आणि त्यातले काही अगदी साधे आहेत. पहिला, इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ दुप्पट करून पाहणे. वीज सगळ्या थरातून जात असेल तर ती दुप्पट होईल. एखाद-दुसऱ्या भोकातून जात असेल तर हा हिशेब जुळणार नाही. दुसरा, नमुना थंड करणे. थंड केल्यावर धातू वीज अधिक चांगली वाहतो, अर्धवाहक पॉलिमर मात्र सहसा कमी वाहतो. तिसरा, धातू बदलून पाहणे. सोन्याऐवजी दुसरा धातू लावला आणि ‘पॉलिमरचा गुण’ नाहीसा झाला, तर तो पॉलिमरचा नव्हताच. चौथा, मधला पॉलिमर काढून टाकून किंवा त्याजागी अगदी साधा रेणू ठेवून तोच प्रयोग करणे. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये हेच झाले. आणि पाचवा, किती नमुने बनवले आणि त्यातले किती शॉर्ट झाले, हे निबंधात लिहिणे.

इलेक्ट्रोड हलक्या हाताने बसवायच्या रीतीही निघाल्या आहेत. २००६ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी रेणूंच्या एकपदरी थरावर आधी वीजवाहक पॉलिमरचा लेप दिला आणि मग त्यावर सोने चढवले. गरम धातूचा मार त्या लेपाने झेलला आणि ९५ टक्क्यांहून अधिक नमुने शाबूत राहिले. हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने २००८ मध्ये गॅलियम आणि इंडियमचे मिश्रण वापरले. ते खोलीच्या तापमानाला द्रव असते, त्यामुळे त्याचे टोक थरावर अलगद टेकवता येते. अर्थात त्याच्यावरही ऑक्साइडची बारीक साय धरते, आणि तिचा हिशेब ठेवावाच लागतो.

आपल्यापर्यंत काय पोहोचते

रक्तातली साखर मोजायच्या पट्टीवर छापील कार्बनचे किंवा पातळ धातूचे इलेक्ट्रोड असतात आणि त्यावर एन्झाइमचा कोरडा थर. रक्ताचा थेंब लागला की साखरेच्या प्रमाणात वीज तयार होते आणि ग्लुकोमीटर ती मोजतो. कारखान्यात एका खेपेचे इलेक्ट्रोड आणि थर दुसऱ्या खेपेपेक्षा किंचित वेगळे निघतात. तो फरक भरून काढण्यासाठी जुन्या मीटरमध्ये पट्टीच्या डबीवरचा कोड भरावा लागे. आता बरीच मीटर कोड मागत नाहीत. तुमचे मीटर मागत असेल, तर नवी डबी उघडताना तो जुळवून घ्यायला विसरू नका. डबीचे झाकण लगेच घट्ट लावा, कारण दमट हवेने हा थर बिघडतो. मुदत संपलेली पट्टी वापरू नका.

मेंदूतल्या बारीक इलेक्ट्रोडवर ‘पेडॉट’ नावाचा वीजवाहक पॉलिमर चढवला की पेशींचे क्षीण संदेश अधिक स्पष्ट मिळतात. पण धातूचा पृष्ठभाग नीट तयार केलेला नसेल तर हा लेप सुटून येतो. म्हणून लेप देण्याआधी धातू खरखरीत करणे किंवा त्यावर रासायनिक प्रक्रिया करणे, यावर बरेच संशोधन चालू आहे. अशा उपकरणात सांध्याची चूक म्हणजे थेट रुग्णाच्या शरीरातली चूक.

पुढच्या वेळी ईसीजी काढायला जाताना छातीला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका. तंत्रज्ञ त्वचा पुसत असेल तर त्याला घाई करू नका. आणि ‘प्लॅस्टिकमधून अमुक पट वीज वाहिली’ अशी बातमी वाचाल, तेव्हा ती टोके कशी जोडली होती हे त्यात लिहिले आहे का, तेवढे पाहा. शेतात मिठाचे पाणी ओतणाऱ्या माणसाला हा प्रश्न कोणी शिकवावा लागत नाही. त्याचा आकडा चुकला तर दोन-तीनशे फुटांचा कोरडा बोअर आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्या माथी येणार असतो.